तेवीस ते तेहतीस

चष्म्याच्या दुकानातल्या माणसानं तिच्या डोळ्यांपुढच्या फ्रेममध्ये दोन काचा बसवल्या आणि म्हणाला, आता मोबाइल काढा वैनी, बारीक अक्षरं दिसत्यात का बघा. डिसेंबरातला गुरुवार होता, सकाळचे साडेअकरा. त्रिशला चौगुलेला चाळिसावं लागून महिना झाला होता आणि पाइपांच्या कॅटलॉगमधले आकडे हात लांब करून वाचावे लागत होते, म्हणून ती आपल्या दुकानातून उठून शाहूपुरीतल्याच पुढच्या गल्लीत डोळे तपासायला आली होती. तिनं मोबाइल काढला. सगळ्यांत वर एक ई-मेल होता, अनोळखी नावाचा. काहीतरी वाचून बघायचं म्हणून तिनं तो उघडला. अक्षरं स्वच्छ दिसली, कित्येक महिन्यांत दिसली नव्हती इतकी. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, तसं असेल तर ताई, तुम्ही बरोबर होता. दिसतंय का, असं त्या माणसानं विचारलं. ती म्हणाली, दिसतंय. त्यानं एक काच काढून दुसरी घातली आणि पुन्हा विचारलं, आता? आताही तेच वाक्य तिथं होतं, थोडं मोठं झालेलं. तिच्या कानांच्या पाळ्या गार पडल्या. त्या जड लोखंडी फ्रेमचं ओझं नाकावर घेऊन ती बसून राहिली, आणि त्या माणसानं दोनदा विचारल्यावर म्हणाली की पहिलीच बरी होती.

ई-मेल लिहिणारा मुलगा अनेकांत उपाध्ये. जयसिंगपूरचा, सध्या नॉर्वेत पीएच.डी. करणारा. हातकणंगल्याच्या आपल्या मावशीकडून त्यानं त्रिशलाचा पत्ता काढला होता. त्याचा विषय म्हणजे तेलाच्या आडव्या विहिरी: जमिनीत दोन-दोन किलोमीटर उभी उतरून मग वळणारी आणि तेलाच्या थरातून किलोमीटरभर आडवी पसरणारी विहीर, तिच्यातून किती तेल येईल, आणि येता येता आतल्या पाइपातच किती दाब वाया जाईल, याचं गणित. त्यासाठी जुने अहवाल चाळताना त्याला डॉ. धैर्यशील सरनोबतांचा अहवाल मिळाला, पंधरा वर्षांपूर्वीचा, आणि त्यातल्या एका पानाच्या तळाशी एक टीप. रीडिंग क्रमांक २३ ते ३३ वगळली आहेत. कारण, निरीक्षकाची चूक. कु. त्रिशला मगदूम यांनी तसे लिहून दिले आहे. एवढंच. वगळलेली रीडिंग काय होती ते कुठंच नव्हतं. पण आता अनेकांतच्या स्वतःच्या पाइपावर एका ठरावीक प्रवाहाला काहीतरी उलटंच येत होतं, आणि त्याला वाटलं की ती अकरा रीडिंगही अशीच उलटी असतील काय? म्हणून त्यानं आपला आलेख सोबत जोडला होता. त्रिशलानं तो तिथंच, रस्त्यावर उभं राहून, चष्म्याशिवाय उघडला. रेषा चढत गेली होती आणि मग एके जागी, चढायचं सोडून, खाली वाकली होती.

आनंद म्हणावा असं तिला काही झालं नाही. पंधरा वर्षांपूर्वी किडला म्हणून उपटून टाकलेला दात किडलेला नव्हताच, असं कुणी आता येऊन सांगावं, आणि जीभ आपोआप त्या मोकळ्या जागेकडं जावी, तसं दिवसभर चाललं. दुकानात बसून तिनं गिऱ्हाइकं केली, कुणाला फूटव्हॉल्व्ह दिला, कुणाला रबरी वायसर दिले, आणि जीभ तिकडंच. सरनोबत सरांच्या हाताखाली ती संशोधन करायची त्या, कॉलेजच्या मागच्या शेडमधला तो पाइप. सहा मीटर लांब, काचेसारखा आरपार दिसणारा, अंगभर नागमोडी ओळीनं पाडलेली छिद्रं, आणि त्याला बाहेरून दुसऱ्या जाड पाइपाचा अंगरखा. एका पंपानं मुख्य पाणी आतून जायचं, दुसऱ्या पंपाचं पाणी त्या छिद्रांतून आत शिरायचं, जसं विहिरीत तेल शिरतं. अंतराअंतरावर काचेच्या उभ्या नळ्या होत्या. त्यांतल्या पाण्याच्या उंचीवरून कुठं किती दाब राहिला ते कळायचं. दोन उंचींतला फरक मिलिमीटरमध्ये मोजायचा. एवढंच काम. पण त्या कामासाठी सकाळी सात वाजता तिथं पोचावं, शेडच्या पत्र्यावर ऊन यायच्या आत दहा रीडिंग उरकावीत, डोळा पाण्याच्या रेषेच्या बरोबर समोर आणण्यासाठी गुडघ्यावर बसावं, आणि आपण श्वास सोडला तरी पाणी हलेल म्हणून श्वास धरून ठेवावा, यात तिला जे सुख मिळालं होतं तसं पुढं कशातच मिळालं नाही. मुलीच्या जन्मातही नाही, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिच्या वडलांना, आण्णांना, तिनं एकदा हे सगळं समजावून सांगितलं होतं. आण्णा तंबाखूचं शेत बघणारे, सहावी शिकलेले. जमिनीत आडवी विहीर खणतात हे ऐकून त्यांनी विचारलं की एवढी लांब खणली तर दुप्पट लांबीला दुप्पट तेल येतं का गं? ती उडालीच. हाच तर प्रश्न होता. येत नाही, ती म्हणाली होती. टोकाचं तेल टाचेपर्यंत, म्हणजे विहीर वळते तिथवर, येईस्तोवर पाइपातच दाब खाल्ला जातो, म्हणून एका मर्यादेनंतर लांबी वाढवून उपयोग नसतो, आणि ती मर्यादा कुठली ते आम्ही शोधतोय. आण्णांनी हे पुढं महिनाभर बस्तीत दर्शनाला येईल त्याला सांगितलं. आमची त्रिशला शोधतीया म्हणायचे. नंतर तिनं शिक्षण सोडलं तेव्हा त्यांनी काहीच विचारलं नाही, आणि कुणाला काही सांगायचंही बंद केलं.

संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची घरची रीत होती. मुलगी आदिती आधीच जेवून क्लासला गेली होती. ताटावर बसल्यावर त्रिशलानं वर्धमानला ई-मेलचं सांगितलं. नवरा समजूतदार होता, पाइपाच्या धंद्यातला असल्यामुळं दाब, घर्षण हे शब्द त्याला नवे नव्हते. त्यानं घास थांबवून सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मग आनंदाची गोष्ट हाय की. तू उगंच तोंड पाडून बसलियास." ती म्हणाली, हो, आहे की. त्यानं तिच्या वाटीत आमटी वाढली. मग तिच्याकडं न बघता म्हणाला की तेव्हा आमच्या घरच्यांनी लग्नाची घाई केली नसती तर तू आज कुठल्या कुठं असतीस. हे तो दर दोन-तीन वर्षांनी एकदा म्हणायचा. याच बोचणीपोटी त्यानं तिला दुकानात स्वतःच्या बरोबरीनं बसवलं होतं, आईचा विरोध मोडून. कुठल्याही शेतकऱ्याची पाइपलाइन ठरवायची झाली की तिला विचारल्याशिवाय तो शब्द द्यायचा नाही. आणि दर वेळी ती म्हणायची, जाऊ दे आता. त्या दिवशीही ती तेच म्हणाली, आणि आमटीची वाटी बाजूला सारली. कारण लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा शेड सोडून तिला चार महिने झाले होते.

शनिवारी ती कळंब्याला गेली. सरनोबत सर निवृत्त होऊन तिथं तळ्याच्या अलीकडं बंगला बांधून राहत होते. फोन न करताच ती गेली, कारण फोनवर ते नको म्हणाले असते तर बरं झालं असतं असं तिला वाटत होतं, आणि तशी सुटका तिला नको होती. सर बागेत होते. थकले होते, पण आवाज तोच. अगं त्रिशला, म्हणून त्यांनी हाताची माती झटकली. त्यांना तिचं नाव आठवलं याचा तिला झालेला आनंद इतका मोठा होता की तिला स्वतःची लाज वाटली. चहा आला. त्यांनी तिच्या सासरचं, मुलीचं विचारलं. मग तिनं मोबाइलवरचा आलेख पुढं केला. सरांनी चष्मा कपाळावर सरकवून तो बराच वेळ पाहिला. शिकवताना जसे व्हायचे तसे ते क्षणभर ताजेतवाने झाले. असं होऊ शकतं, ते म्हणाले. मुख्य प्रवाह जोरात असेल आणि छिद्रांतून थोडंच पाणी येत असेल, तर ते पाणी भिंतीलगत सरकतं, वंगणासारखं. घर्षण कमी होतं. बाहेरच्या काही लोकांनी तेव्हाही असं नोंदवलं होतं म्हणे, पण आपल्या सूत्रात ते बसत नव्हतं. छान काम आहे या मुलाचं.

"माझी अकरा रीडिंग अशीच होती, सर."

सरांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती. तिनं ती शोधली, अगदी आशेनं शोधली. तिथं फक्त आठवण्याची धडपड होती. "तुझी?" ते म्हणाले. "तू लग्न ठरलं म्हणून मध्येच सोडलंस ना? मी सगळ्यांना तेच सांगतो, चांगली मुलगी होती, लग्नात गेली."

तिनं टिपेचं सांगितलं. सर म्हणाले, असेल. त्या अहवालाला सव्वादोनशे रीडिंग होती, त्यातली काही वगळावी लागतातच. मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "पण ते तू स्वतःच लिहून दिलं होतंस की. मी तुला विचारलं होतं. मी विचारल्याशिवाय कुणाचं रीडिंग कधी खोडलं नाही." ती म्हणाली, हो, विचारलं होतं. तिनं जोतीरामचं विचारलं, शेडमधल्या त्या सहायकाचं, जो तिच्या शेजारी बसून आकडे वहीत उतरवायचा. तो चार वर्षांपूर्वी वारला, सर म्हणाले. शेडही पाडली. वह्या वगैरे तेव्हाच गेल्या असतील. निघताना त्यांनी तिला बागेतली लिंबं दिली आणि फाटकापर्यंत आले.

परतीच्या वाटेवर कारागृहाच्या लांबलचक भिंतीशेजारून तिची स्कूटर चालली होती. पुढं उसाची ट्रॉली होती आणि तिला ओलांडून जावं असं त्रिशलाला वाटेना. सरांना दोष देता आला असता तर तिला घरी जायला एक रस्ता मिळाला असता. पण त्यांनी विचारलं होतं हे खरं होतं. तो दिवस मार्चातला. आठवडाभर आधी तिच्या हातून खरंच एक चूक झाली होती, एका नळीत हवेचा बुडबुडा राहिला होता आणि सकाळची सगळी रीडिंग वाया गेली होती. सर रागावले नव्हते, नुसते हसले होते, आणि ते हसणं तिला लागलं होतं. त्यानंतर ती अकरा रीडिंग आली. दुसऱ्या पंपाचा कॉक थोडासाच उघडला की उंचींतला फरक वाढायच्या ऐवजी कमी व्हायचा. तिनं नळ्या पुन्हा पुन्हा हवा काढून भरल्या. तीन वेगवेगळ्या दिवशी घेतली. जोतीराम शेवटी कंटाळून म्हणाला होता, "बाई, तिनदा बघितलं की आपण. आता काय पाण्यालाच इचारायचं?" तिला खात्री होती. आयुष्यात कशाचीच नव्हती एवढी. ती घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. सरांचा पेपर तयार होता, परिषदेला आठ दिवस उरले होते. त्यांनी आकडे पाहिले, पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "त्रिशला, तुला खात्री आहे?"

ती नाही म्हणाली.

का, ते तिला पंधरा वर्षांत सांगता आलं नव्हतं. कुणी धमकावलं नव्हतं. दार उघडं होतं, बाहेर मुलं हसत होती. सरांचा आवाज मऊ होता. त्या मऊ आवाजानंच घात केला असेल. त्यांना नाही हे उत्तर हवं आहे हे तिला दिसलं, आणि त्यांना हवं ते आपल्याजवळ आहे, तोंड उघडलं की देता येईल, हेही दिसलं. द्यायला किती सोपं होतं. ती हो म्हणाली असती तर पुढं सिद्ध करायला लागलं असतं, सरांच्या भुवया वर गेल्या असत्या, पुन्हा एखादा बुडबुडा निघाला असता आणि ते पुन्हा तसं हसले असते. नाही म्हटल्यावर सर म्हणाले, होतं असं, कागदावर दोन ओळी लिहून दे. तिनं चांगल्या अक्षरात लिहून दिल्या. खाली सही केली. बाहेर आल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिनं कँटीनमध्ये जाऊन उसाचा रस घेतला. मग महिनाभरात तिला शेडकडं जाववेना. पाण्याच्या रेषेसमोर डोळा आणला की रेषा दोन दिसायच्या. आपल्याला हे जमत नाही, असं तिनं घरी सांगितलं, आणि सांगता सांगता ते खरं झालं. पुढं सोयरीक जुळली आणि लोकांनी कारण आपलं आपणच शोधून काढलं. ते तिनं लोकांकडून घेतलं आणि वापरलं. सासूचं टोचून बोलणं, वर्धमानची ती बोचणी, सगळं त्या कारणावर उभं राहिलं.

त्याच दुपारी अनेकांतचा फोन आला. आवाज उमदा, घाईचा. तो म्हणाला, ताई, तुमची रीडिंग मिळाली तर माझ्या पेपरमध्ये तुमचं नाव येईल, नुसतं आभारात नाही, वर, लेखकांत. माझ्या गाइड बाईंशी मी बोललोय. वही आहे का? ती म्हणाली, नाही. मग आठवतात का? तिनं डोळे मिटले. आकडे आठवत होते. चार मिलिमीटर, साडेपाच, सात, नऊ, पुन्हा सहा. ती बोलणारच होती, आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं की हे नऊ कुणाचं? अनेकांतच्या आलेखात रेषा चढायचं सोडून खाली वाकायला लागते तिथं नऊच होतं. गुरुवारपासून तिनं तो आलेख किती वेळा उघडला असेल. तिनं त्याच्या आकड्यांच्या खाली आपले आकडे शोधायचा प्रयत्न केला आणि खाली काहीच हाताला लागेना. बुडबुडा आठवत होता. जोतीरामची टोपी आठवत होती. आकडे त्या मुलाचे होते, किंवा नव्हते. "अंदाजे सांगितलं तरी चालेल, ताई," अनेकांत म्हणाला, "दोन-तीन रीडिंग जरी जुळली ना, तरी बास." ती म्हणाली, मला चार दिवस दे.

रविवारी बाजारपेठ बंद होती. सकाळी दहाला त्रिशला गोडाऊनची किल्ली घेऊन एकटीच उद्यमनगरात गेली. तिथं सगळं होतं. दोन इंची पाइप, बरोबर सहा मीटरचा. त्यावर बसेल असा चार इंची. ड्रिल मशीन. अर्ध्या हॉर्सपॉवरचे दोन मोनोब्लॉक पंप, पाण्याची दोन पिंपं, आणि गवंडी वापरतात ती आरपार दिसणारी लेव्हल ट्यूब, हवी तेवढी. पंधरा वर्षं या सगळ्या सामानात ती रोज वावरली होती आणि हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. तिनं दोरी लावून पाइपावर खुणा केल्या आणि छिद्रं पाडायला घेतली. प्लॅस्टिकचा पांढरा भुसा तिच्या केसांत, पापण्यांवर बसला. दुपारी दोनपर्यंत ती जेवली नाही, उठली नाही. जोड बसेनात, पाणी गळू लागलं. तिनं सोल्यूशन लावलं, त्यावर रबर गुंडाळलं, त्यावर स्वतःची ओढणी फाडून आवळली. फोन वाजत होता तो तिनं पिंपामागं ठेवून दिला. तीन वाजता वर्धमान तिला शोधत आला तेव्हा गोडाऊनमध्ये घोट्यापर्यंत पाणी होतं आणि त्याची बायको गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, भिंतीला टांगलेल्या नळीकडं बघत होती.

त्यानं चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि म्हणाला, काय धरू सांग. तिनं त्याला दुसऱ्या पंपाच्या कॉकपाशी बसवलं. मी म्हणेन तेव्हा थोडासा उघडायचा, अगदी थोडा. उघड म्हटल्यावर त्यानं उघडला. पाणी नळीत वरखाली उड्या मारत होतं. विजेचा दाब कमीजास्त होत होता आणि पंपाचा आवाज त्याबरोबर चढत-उतरत होता. तिनं एक आकडा लिहिला. बंद कर. उघड. दुसरा आकडा वेगळाच आला. तिसरा पहिल्यासारखा. दहा वेळा, वीस वेळा. कधी फरक कमी होत होता, कधी वाढत होता. ज्याला जे हवं ते त्याला त्यातून काढता आलं असतं. चाळिसाव्या रीडिंगला तिनं पेन्सिल खाली टाकली. वर्धमान कॉक धरून तसाच बसला होता. तो म्हणाला, उद्या स्टॅबिलायझर आणू, परत करू. एवढं हाय काय त्यात. आमच्यामुळं तुझं ऱ्हायलं, निदान एवढं तरी—

"तुमच्यामुळं नाही," ती म्हणाली.

आणि मग गळणाऱ्या जोडांच्या आवाजात तिनं सगळं सांगितलं. सरांची खोली, उघडं दार, ती दोन ओळींची चिठ्ठी, उसाचा रस. लग्नाची बोलणी शेड सोडल्यावर चार महिन्यांनी सुरू झाली. लोक म्हणत गेले आणि ती गप्प राहिली. ती त्याच्याकडं बघून बोलत नव्हती, पाण्यात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या भुशाकडं बघत होती. सांगून झाल्यावर पंप चालूच होते. वर्धमाननं उठून दोन्ही बटणं बंद केली. एकदम एवढं शांत झालं की बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची चेन ऐकू आली.

"म्हणजे माझ्यामुळं नव्हतं," तो म्हणाला. मग पुन्हा, "पंधरा वर्षं, त्रिशला." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला काहीतरी करता आलं असतं. त्यानं झाडू घेतला आणि पाणी दाराकडं लोटायला लागला. तिनं दुसरा झाडू घेतला. दोघांनी मिळून गोडाऊन कोरडं केलं, पाइप उचलून भंगाराच्या ढिगावर ठेवला, आणि ऊन असेपर्यंत जेवायला घरी गेले.

सोमवारी तिनं अनेकांतला लिहिलं. तासभर लागला. आकडे मला आठवत नाहीत, जे आठवतात ते तुझे असण्याची शक्यता आहे. पण मी जे लिहून दिलं होतं ते खरं नव्हतं. माझ्या माहितीप्रमाणे माझी चूक झाली नव्हती. हे शेवटचं वाक्य तिनं तीन वेळा खोडलं आणि तीन वेळा लिहिलं. पाठवल्यावर तिला वाटलं की आता काहीतरी होईल. छातीत पंधरा वर्षं अडकलेलं काही जागचं हलेल, किंवा निदान रडू येईल. काही झालं नाही. दुकानात वर्धमान समोरच्या खुर्चीवर बसला होता. तो नीट बोलत होता, चहा आला की तिच्याकडं सरकवत होता. पण सकाळपासून दोन लाइनी त्यानं आपल्या आपणच ठरवल्या होत्या. तिला विचारलं नव्हतं. तिला विचारायचं जे कारण होतं ते आता उरलं नव्हतं. हे त्याच्या तरी ध्यानात आलं होतं की नाही कोण जाणे.

बुधवारी दुपारी अनेकांतचं उत्तर आलं. चष्मा तयार होऊन आला होता, पहिल्याच दिवशी त्यानं डोक्याच्या मागं दुखत होतं. मुलानं अदबीनं लिहिलं होतं. ताई, तुमचा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. आकड्यांशिवाय तुमचं काम धरता येणार नाही, आणि ती चुकीची टीप पुन्हा उद्धृत करून तुम्हाला त्रास देणंही बरोबर नाही, असं बाईंचं म्हणणं पडलं. म्हणून त्या अकरा रीडिंगचा उल्लेखच आम्ही काढून टाकला आहे. तुमचं नाव आता कुठंच येणार नाही. निर्धास्त राहा.

"काय म्हणतोय?" वर्धमाननं विचारलं.

"काढलं म्हणतोय."

"काय काढलं?"

"नाव."

वर्धमाननं खुर्ची तिच्याकडं वळवली. काहीतरी बोलावं असं त्याच्या ओठांवर आलंही असेल. पण तेवढ्यात परिते गावचे एक शेतकरी पावणे आत आले, आकाराम म्हणून, घामेघूम, टेम्पो घेऊनच आलेले. नदीपासून रानापर्यंत दोन हजार फूट लाइन, वर तीस फूट चढ, मोटर पाच हॉर्सपॉवरची. कुठला पाइप घालू, मालक? वर्धमान उठला, हिशेब केल्यासारखं वर छताकडं बघितलं आणि म्हणाला, "अडीच इंची पुरतंय की." आकारामना तो स्वस्तही पडणार होता, ते खूश झाले. आणि त्रिशलाला ते ऐकल्या ऐकल्या कळलं. एवढ्या लांबीला अडीच इंचीत मोटरचा सगळा जोर पाइपातच मरणार. रानाच्या टोकाला करंगळीएवढी धार पडेल, आणि उन्हाळ्यात तीही नाही. तीन इंची पाहिजे. तिनं हाताशी आलेल्या कागदावर गणित मांडलं. तीन इंचीच. चढ धरून पुन्हा केलं. तीन इंची. बाहेर माणसं पाइप मोजून टेम्पोत टाकत होती, एकावर एक आपटल्याचे आवाज येत होते, आणि आकाराम दोरी आवळा म्हणून सांगत होते. तिनं तोंड उघडलं. मग वाटलं की जोडांमधलं दाबाचं नुकसान आपण दोनदा तर धरलं नाही ना, म्हणून तिनं चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा केलं. आकडा तोच आला. टेम्पो सुरू झाला, मागं आला, गल्लीच्या तोंडाशी वळायला थांबला. वर्धमान पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. त्रिशलानं कागद उलटा केला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा मांडायला घेतलं.